वाटेवरचा बर्फ

१२ जानेवारी

बर्फ काल थांबला. स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची तावदानं झाकली गेली आहेत. वरच्या तावदानांतून सॉनाचं, म्हणजे अंगणापलीकडच्या वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं आणि शेजारच्या रूडीच्या गोठ्याचं छप्पर, एवढंच दिसतं.

वेनने मला इथे पाठवताना एकच प्रश्न दिला आहे. आई एकटी राहू शकते की नाही? उत्तर त्याला मार्चअखेर हवं. मी 'नाही' म्हणाले तर ग्रीन बेमध्ये, त्याच्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या निवासात, एक खोली सांगून ठेवलेली आहे. 'हो' म्हणाले तर तो पुन्हा विषय काढणार नाही. वेन माझा धाकटा भाऊ, पण असल्या गोष्टी तोच ठरवतो. मी पोस्टातून निवृत्त झाले, मिलवॉकीच्या घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. म्हणून हिवाळाभर मी इथे.

आई ठीक आहे. त्र्याऐंशी वर्षांची, पाठ ताठ. सकाळी चूल पेटवते, कॉफी करते, सॉनाच्या वाटेवर राख टाकते आणि मागावर बसते. फक्त माझ्यावर नाराज आहे. बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. कानाच्या पलीकडे कुठेतरी बघते. इतकी वर्षं मी फक्त उन्हाळ्यात चार दिवस येऊन जात होते, त्याचा राग असणार.

१५ जानेवारी

मिलवॉकीच्या शेजारणीने निघताना रंगांच्या पुड्या दिल्या होत्या. म्हणाली, तिकडे बर्फाला तोटा नाही, करून बघ. कृती सोपी आहे. टबवर जाळी ठेवायची, जाळीवर ओलं कापड चुरगळून, कापडावर बर्फाचा ढीग, आणि बर्फावर रंगाची कोरडी भुकटी. मग काही करायचं नाही. बर्फ वितळतो तसा रंग खाली उतरतो. कुठे जायचं ते त्याचं तो ठरवतो.

आईकडे चादर मागितली.

"कशाला?"

"रंगवायचीय. बर्फाने."

"बर्फाने फक्त पाठ मोडते."

पण उठली. कपाटातल्या चादरी एकेक काढून अंगठ्यात धरून चोळल्या, एक तर कानाजवळ नेऊन. "ही अर्धी प्लास्टिकची. ही पण. ही घे, ही सुती. तुझ्या बापाने हिच्यावर झोपून बत्तीस वर्षं घोरून काढली."

जाळी म्हणून जुन्या ओव्हनमधली तारांची फळी मिळाली. टब पडवीत ठेवला. पुडीबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की कापड आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवावं. सोडा घरात नव्हता. तसंच केलं. बर्फ दारासमोरच्या वाटेवरचा घेतला. बाकी सगळीकडे कमरेइतका आहे, कोण शिरणार.

१६ जानेवारी

मी जांभळी भुकटी टाकली होती. कापडावर जांभळं जवळजवळ काही नाही! कडेला गुलाबी, मध्ये निळं, आणि दोघांच्या मध्ये एक करडी रेघ, जणू दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जांभळा म्हणजे दोन रंगांचा समझोता होता, आणि बर्फाने तो मोडला. मी टबाशेजारी बराच वेळ उकिडवी बसले होते. एवढं लक्ष देऊन कशाकडे शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही.

तीनदा धुतलं. रंग गेला नाही. सगळीकडे बारीक काळे ठिपके मात्र आहेत.

आईला दाखवलं. तिने चादर खिडकीशी नेली, मान तिरकी केली, पुन्हा दुसरीकडे तिरकी केली.

"चिखल."

"निळा आहे, आई."

"मग निळा चिखल. हे गुलाबी बरं आहे. हे आहे असं कळतं तरी."

२१ जानेवारी

ठिपके नकोत म्हणून आज घरामागचा स्वच्छ बर्फ आणला. त्यासाठी अर्धा तास फावडं मारलं. तोच रंग, तशीच चादर. वितळल्यावर फार सुंदर दिसत होती. पाण्याखाली धरली आणि रंग वाहून गेला. सगळा. हातात पांढरी चादर राहिली, थोडी आजारी दिसणारी.

आईने हात लावून पाहिलं. "पांढऱ्या बर्फाने पांढरी चादर केलीस. फार कष्ट पडले असतील."

रूडी रस्ता मोकळा करायला आला होता. तो शाळेत माझ्या वर्गात होता. आता त्याच्या गाडीला पुढे बर्फ लोटायचं पातं आहे आणि तोंडात सतत काडी. गाडी अजून वळणावर होती तेव्हाच आई म्हणाली, "रूडी. त्याच्या इंजिनचा पट्टा किंचाळतोय." आईचे कान अजून तिखट आहेत. वेनला सांगायला हवं.

रूडीने पडवीतला टब बघितला. "काय गं अर्लीन, डुक्कर मारलंस की काय?"

"रंग आहे."

"सायमाकाकू, तुमची पोरगी बिघडली."

"बिघडू दे," आई म्हणाली. "इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं नीट लावून ठेवली तिने. काहीतरी सांडू दे."

२४ जानेवारी

रंग एकदा का टिकला आणि एकदा का नाही? आज चार वाडगे मांडले. छपरावरचा बर्फ, लाकडांच्या खोपीमागचा, पन्हाळीला लोंबणारा बर्फाचा सुळका फोडून, आणि वाटेवरचा. एकाच चादरीचे चार तुकडे, प्रत्येकावर तेवढीच भुकटी.

२५ जानेवारी

फक्त वाटेवरचा टिकला.

त्या वाडग्यातलं पाणी बोटांना बुळबुळीत लागत होतं, साबणासारखं. माझी बोटं पहिल्या दिवसापासून का फुटली आहेत ते आता कळलं. राख! आई रोज सकाळी चुलीतली राख वाटेवर टाकते, तिची आई टाकायची, या रस्त्यावर सगळेच टाकतात. घसरू नये म्हणून. आणि राखेचं पाणी म्हणजे सोडाच की. आजी त्यातच कपडे धुवायची. मी सोडा नाही म्हणून हळहळत होते आणि सोडा दारात पसरलेला होता.

मोठ्याने हसले. आई मागाच्या खोलीतून ओरडली, "काय झालं?"

"काही नाही. तुझी राख चांगली आहे."

"माझी राख अजून व्हायचीय."

२ फेब्रुवारी

आठवडाभरात वाटेवरच्या बर्फाने हिरव्या, लाल, निळ्या चादरी झाल्या. आईने त्यांची सतरंजी विणायचं कबूल केलं. मी दोन दिवस चादरी फाडून पट्ट्या करते आहे, टोकाला टोक शिवून गोळे. गोळे कसे ठेवायचे यावर तिचा हुकूम आहे: गडद डावीकडे, फिके उजवीकडे, लाल मांडीवर. मी विचारलं, तुला दिसत नाही का कुठला कुठला ते? म्हणाली, "मागावर बसल्यावर मी मान वळवत नाही. तुझ्यासारखी नाही." मी तिची हरकामी झाले आहे.

पण विणकाम बघत राहावं असं. धोटा जातो, फणी येते, दोन ठोके. कड दोरी ताणल्यासारखी सरळ. मधूनमधून तळहात विणीवरून फिरवते, जसा घोड्याच्या पाठीवरून फिरवतात.

रंगांची रचना मात्र चमत्कारिक. हिरव्याच्या मध्येच करड्या-निळ्याचा पट्टा, पुढे लालच्या शेजारी तोच पुन्हा, काही क्रम नाही. मी म्हटलं, फार धीट आहे. ती म्हणाली, "काय धीट?" मी म्हटलं, रंग. तिने विणीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "आवडलं तर बघ. नाही तर उलटी टाक." या वयात आई आधुनिक झाली.

वेनचा फोन. सांगितलं, तब्येत उत्तम, जेवण उत्तम, जीभ उत्तम. तो म्हणाला, "म्हणजे 'हो' धरू?" मी म्हटलं, मार्च येऊ दे.

१० फेब्रुवारी

कुरबुरींची नोंद, कारण दुसरं काही घडत नाही.

आई पेपर वाचत नाही. मला वाचायला लावते, त्यातही आधी मेलेल्यांची यादी. चष्मा मळला आहे म्हणते. मी दोनदा पुसला. कॉफी ओतताना कपात बोट आकडी करून घालते आणि बोट भाजलं की थांबते. मी म्हटलं, आई, हे काय गावठी. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. टीव्हीकडे पाठ करून टीव्ही ऐकते.

दुकानात जायला तिची गाडी काढावी म्हटलं तर म्हणाली बॅटरी गेली आहे. रूडीला बघायला सांगितलं. तो गाडीत बसला, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली.

"बॅटरी चांगली आहे," तो म्हणाला. "मीच दर पंधरवड्याला सुरू करून ठेवतो. काकूंनीच सांगितलंय."

"मग ती गेली का म्हणते?"

त्याने काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. माझ्याकडे बघत राहिला, मी अजून काही बोलेन अशा आशेने. मग म्हणाला, "वाटेवर राख टाकत जा."

"ती टाकतेच. हवी त्यापेक्षा जास्त टाकते."

"हो," रूडी म्हणाला. "टाकते खरी."

म्हातारपणी माणसं विसरतात. बॅटरीचं वेनला सांगायची गरज नाही.

२० फेब्रुवारी

सतरंजी अर्धी झाली. उरलेल्या भागासाठी चार चादरी एकदम रंगवायच्या ठरवल्या. त्यासाठी वाटेवरचा बर्फ बराच लागणार. आज पडवीच्या दारापासून सॉनाच्या पायरीपर्यंत सगळी वाट खरवडून काढली, खालच्या जुन्या बर्फापर्यंत. राखेचे थर होते, केकमध्ये असतात तसे. तीन टब भरले. मागे वाट राहिली ती काचेसारखी स्वच्छ. इतकी सुंदर वाट या घराला कधी नव्हती. त्यावर भुरभुर बर्फ पडायला लागला आणि तीही दिसेनाशी झाली.

या वेळी हिरवा आणि तपकिरी. तपकिरीत काय काय लपलं आहे ते बघायची घाई झाली आहे.

२२ फेब्रुवारी

काल शनिवार. शनिवारी सॉना, आई दुपारचं जेवण झाल्यावर तापवायला जाते. मी पडवीत चादरी पिळत होते, रेडिओ लावला होता. तपकिरीतून नारिंगी निघाला होता, आणि एका कोपऱ्यात अनपेक्षित निळा. मी त्यात गुंतले होते. चादर बाहेर दोरीवर टाकावी म्हणून दार उघडलं तेव्हा धुराड्यातून धूर येत नव्हता.

आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होती. आई सॉनाकडे नव्हती. खोपीच्या पलीकडे, शेताच्या उतारावर, कमरेपर्यंत बर्फात उभी होती. एक हातमोजा नव्हता. ती हळूहळू जागच्या जागी वळत होती आणि म्हणत होती, "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?" ओरडत नव्हती. दुकानात शिरल्यावर विचारतात तसं विचारत होती.

मी हाक मारली. ती आवाजाकडे वळली. मी हातातली नारिंगी चादर डोक्यावर धरून हलवली. तिने ती बघितली नाही. ती माझ्या कानाच्या पलीकडे बघत होती, रोजच्यासारखी, आणि मी इतकी लांब होते की मला कानच नव्हता.

घरात आणून चुलीपाशी बसवलं. पाय चोळले. तिने तळवे जमिनीवर घासून पाहिले. मग म्हणाली:

"वाट कुठे गेली?"

"कुठली वाट?"

"माझी. राखेची. पायाखाली खरखरते ती."

मी सांगितलं. सांगताना माझे हात कोपरापर्यंत हिरवे होते.

"अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे तू धुऊन टाकलीस."

"आई, कधीपासून?"

"डावा तुझा बाप गेला त्या वर्षापासून. मधोमध भोक. कडेकडेने थोडं दिसतं. उजव्यात धुकं आहे. ते नंतर आलं."

"मला सांगायचंस ना."

"तुला? तू वेनला सांगायला आलीयेस."

ते खरं होतं.

२४ फेब्रुवारी

आज राख टाकली. वाट पहिल्यासारखी व्हायला एका बादलीने काय होतं. आई दारात उभी राहून बुटाने चाचपत होती. "अजून," म्हणाली. रूडीने त्याच्या घरची राख आणून दिली. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, "या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं तुलाही माहीत असेल. तू घरात राहतेस."

मी या डायरीची मागची पानं वाचली. चष्मा, कॉफीचं बोट, बॅटरी, गोळे. सगळं माझ्याच अक्षरात.

वेनला काय सांगायचं ते कळत नाही. 'हो' म्हणणं खोटं आहे. 'नाही' म्हटलं की ती खोली.

२७ फेब्रुवारी

आईला तेच विचारलं. आधी कुणी विचारलं नव्हतं.

तिने धोटा आत-बाहेर केला. "त्या दिवशी मी घाबरले," ती म्हणाली. "मी याच घरात जन्मले. आणि घर कुठल्या बाजूला आहे ते कळेना. तुझा रेडिओ ऐकू येत होता, पण सगळीकडून." मग, "डॉक्टरला दाखवू. जे होईल ते मी वेनला सांगेन. तू नाही."

"काय सांगशील?"

"आधी काय होतं ते तर बघू दे. बघू दे म्हणजे, ऐकू दे."

५ मार्च

हॉटनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गाडी मी चालवली, तिचीच. डावा गेला. मागचा पडदाच मधोमध खराब आहे, काही करता येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू, इतका पिकलेला की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही चालत आलात कशा?"

"गाडीतून आले," आई म्हणाली.

काढता येईल. किती दिसेल ते काढल्यावरच कळेल. मागे काय आहे ते धुक्यातून त्यांनाही दिसत नाही. मला तो तपकिरी रंग आठवला. मी ते बोलून दाखवलं नाही. असली उत्सुकता बरी की वाईट, ठरवता येत नाही.

परत येताना आई म्हणाली, "ग्रीन बेला काढून घेते. वेनच्या घरी राहीन. त्याची ती खोलीही बघून घेते."

"बघायला जाणार?"

"दिसलं तर 'हो-नाही' सांगेन. नाहीच दिसलं तर तिथेच राहीन. मग कुठेही असले तरी सारखंच."

मी पुढे रस्त्याकडे बघत राहिले.

१० मार्च

वेन येऊन तिला घेऊन गेला. मी मागे राहिले. चूल बंद पडली तर पाणी गोठून नळ फुटतील. निघताना तिने मागावरून हात फिरवला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यापुढे हात लावायचा नाही." वेनने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू दोन महिने काय करत होतीस?"

मी म्हटलं, रंगवत होते.

१५ मार्च

घरात आवाज नाही. काही रंगवलं नाही. सतरंजीसमोर बसले. हिरव्याच्या मध्ये करडा-निळा येतो तिथे आता मला माहीत आहे की ती चूक आहे. तरी ती वाईट दिसत नाही. आधीसारखीच दिसते. हे मला समजत नाही.

मग एक तुकडा रंगवलाच. काळा. काळ्यातून लाल, हिरवा आणि एक घाणेरडा पिवळा निघाला.

१९ मार्च

आज काढला. वेनचा फोन: सुरळीत झालं, पट्टी उद्या सुटेल. दिसेल का? तो म्हणाला, उद्या. मी घरातला प्रत्येक दिवा पुसला. कशासाठी, माहीत नाही.

२० मार्च

फोन वाजला. पलीकडून श्वास ऐकू आला.

"आई?"

"वेन म्हातारा झालाय."

मी खुर्चीवर बसले.

"केस सगळे गेले. गालावर डाग आलेत. बापासारखा दिसतो, त्याच्या शेवटच्या वर्षातल्या. मला कुणी सांगितलंच नाही." मागून वेन काहीतरी म्हणाला. "तू गप्प बस," ती त्याला म्हणाली, "मी बघतेय अजून."

"किती दिसतं, आई?"

"पुरेसं. सुनेचे पडदे दिसतात. ते नसते दिसले तरी चाललं असतं."

"आणि ती खोली?"

"सकाळीच नेलं त्याने. स्वच्छ आहे. माणसं चांगली आहेत. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. धुक्यात असताना ते चाललं असतं. आता दिसतंय ना."

"मग वेनला काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. तो म्हणाला, अर्लीनचं काय मत आहे ते विचारू. मी म्हटलं, तिला काय विचारतोस? समोर बसून जेवायची, आणि तिला माझे डोळे दिसले नाहीत."

मी नखातला काळा रंग खरवडला. 

"अर्लीन."

"हं."

"तूही म्हातारी झालीस का?"

"झाले, आई."

"बरं," ती म्हणाली. "येते मग. बघते."